पाळीव हरणांतील विषाणूंचा माग: रोगसर्वेक्षणातील काही हंगाम

पाळीव हरणांमधील विषाणूजन्य रोगांच्या सर्वेक्षणात मी काम करू लागले, त्या वर्षी माझ्या हाती आलेले पहिले मृत जनावर म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची तीन वर्षांची मादी होती आणि ती तळ्याच्या काठाशी, अर्धी पाण्यात, पडलेली होती. आदल्या संध्याकाळी ती इतरांबरोबर व्यवस्थित चरत होती, सकाळी मान खाली घालून कळपापासून दूर उभी राहिली आणि दुपारी पाण्यात जाऊन पडली, एवढेच तिच्या मालकांना सांगता आले. ताप चढलेले जनावर थंडावा शोधत पाण्याकडे जाते, म्हणून या रोगाने मेलेली हरणे पुष्कळदा पाणवठ्याशीच सापडतात, हे मी वाचलेले होते. प्रत्यक्षात तिची निळसर पडलेली, सुजून तोंडाबाहेर आलेली जीभ, सुजलेल्या पापण्या आणि नाकाशी जमलेला फेस पाहिल्यावर मात्र वाचलेल्यातले काहीच पुरेसे वाटले नाही.

हा रोग म्हणजे एपिझूटिक हेमोरेजिक डिसीज, हरणांमधला साथीचा रक्तस्रावी आजार. कामाच्या बोलण्यात आम्ही त्याला ईएचडी म्हणतो. १९५५ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात तो स्वतंत्र रोग म्हणून प्रथम ओळखला गेला. त्याचा विषाणू मेंढ्यांच्या ब्लूटंगच्या, म्हणजे नीलजिव्हा रोगाच्या, विषाणूचा सख्खा भाऊबंद असून दोघेही ऑर्बिव्हायरस या गटातले आहेत. हा रोग माणसाला होत नाही. एका हरणाकडून दुसऱ्याकडे तो नेतात ती क्युलिकॉइडिस जातीची, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीची चिलटे. त्यामुळे थंड प्रदेशांत उन्हाळा उतरणीला लागल्यापासून पहिले गोठलेले दव पडेपर्यंत त्याचा जोर असतो. चिलट चावल्यापासून साधारण आठवड्याभराने लक्षणे दिसू लागतात आणि सर्वांत तीव्र प्रकारात त्यानंतर जेमतेम दीड दिवसात जनावर जाते. जी वाचतात त्यांच्यापैकी काहींच्या खुरांवर पुढे आडव्या भेगा दिसतात आणि ती कित्येक दिवस गुडघ्यांवर चालतात.

सर्वेक्षण म्हटले की आकडे आणि नकाशे डोळ्यांसमोर येतात, पण ते उभे असते प्लीहेच्या एका तुकड्यावर, आणि तो तुकडा वेळेत हाती येणे ही सगळ्यांत अवघड गोष्ट असते. हरीण रवंथ करणारे जनावर असल्यामुळे मृत्यूनंतरही पोटातले आंबणे चालूच राहते, शव आतून तापते आणि उन्हाळ्यात काही तासांतच अवयव ओळखू न येण्याइतके मऊ पडतात. म्हणून निरोप आला की आम्ही निघायचो, मग रात्र असो की सुट्टीचा दिवस. प्लीहा, फुप्फुस आणि लसिकाग्रंथी यांचे तुकडे विषाणूच्या तपासासाठी बर्फाच्या पेटीत जात, त्याच अवयवांचे पातळ तुकडे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासासाठी फॉर्मॅलिनमध्ये जात, आणि रक्त गोठलेले नसेल तर ते ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या, नळीत घेतले जाई. हा विषाणू तांबड्या पेशींच्या आवरणाला चिकटून रक्तात फिरतो. त्या पेशी वेगळ्या काढून नुसता वरचा पिवळा द्रव पाठवला, तर जे शोधायचे तेच आपण टाकून दिलेले असते. तो द्रव प्रतिपिंडांच्या चाचणीला उपयोगी पडतो, विषाणू शोधण्यासाठी मात्र पूर्ण रक्तच हवे.

पहिल्याच हंगामात या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली. फार्मवर वाटण्यासाठी तयार केलेल्या सूचनापत्रात ‘नमुना थंड ठेवावा’ एवढेच मी लिहिले होते. एका मालकांनी अत्यंत काळजीपूर्वक प्लीहा काढली, दोन पिशव्यांत बांधली आणि आम्ही पोहोचेपर्यंत खराब होऊ नये म्हणून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवली. ऑर्बिव्हायरस चार अंश सेल्सिअसला दीर्घकाळ तग धरतात, उणे ७० अंशांच्या खालीही टिकतात, पण घरगुती फ्रीजरच्या उणे २० अंशांच्या आसपास त्यांची संसर्गक्षमता झपाट्याने घटते. पीसीआरने, म्हणजे जनुकीय द्रव्याच्या प्रती वाढवून ते शोधणाऱ्या चाचणीने, त्या तुकड्यात विषाणूचे आरएनए दाखवले, पण पेशींमध्ये तो वाढवण्याचे आमचे सगळे प्रयत्न वाया गेले आणि एक चांगला जिवंत नमुना कायमचा हातचा गेला. दुसऱ्या दिवशी मी सूचनापत्र बदलले: ‘बर्फावर ठेवावे, गोठवू नये’. चार शब्दांची ही सूचना मला आधी सुचली नव्हती, याचे वाईट आजही वाटते.

प्रयोगशाळेतले पहिले पाऊल म्हणजे तुकडा वाटून त्यातून आरएनए काढणे. इथे ऑर्बिव्हायरसची एक खोड सांभाळावी लागते. त्यांचे आरएनए दुपदरी असते आणि ते दोन पदर एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की, आधी ९५ अंशांपर्यंत तापवून लगेच बर्फावर टेकवल्याशिवाय पुढच्या रसायनांना आत शिरायला वावच मिळत नाही. एकदा आमच्या तापपट्टीचे खरे तापमान पडद्यावरच्या आकड्यापेक्षा कमी होते आणि खात्रीचा धन, म्हणजे विषाणू असलेला, नमुनासुद्धा नेहमीपेक्षा सहा-सात आवर्तने उशिरा वर आला. पीसीआरमध्ये ‘सीटी’ हा आकडा, म्हणजे कितव्या आवर्तनाला विषाणू दिसू लागला ते, जितका लहान तितके मूळ नमुन्यातले विषाणूचे द्रव्य जास्त. त्यामुळे सहा-सात आवर्तनांचा उशीर म्हणजे द्रव्य जवळजवळ शंभरपट कमी असल्याचा आभास. त्या दिवशी दुर्बळ नमुने तपासले असते, तर आम्ही त्यांना निर्धास्तपणे ऋण ठरवले असते.

याहून मोठी चूक मी पुढच्या हंगामात केली, आणि ती यंत्राची नव्हती. एका फार्मवर दहा दिवसांत चार पाडसे दगावली. पहिल्या पाडसाच्या प्लीहेत ईएचडीची पीसीआर धन आली, सीटी ३४ च्या आसपास, म्हणजे विषाणूचे द्रव्य अगदी थोडे. हंगाम ईएचडीचा, फुप्फुसात पाणी आणि रक्तस्राव, शेजारच्या परिसरात आधीच तीच साथ. मी अहवालात मृत्यूचे कारण ईएचडी असे लिहिले आणि चिलटांपासून बचावाचे उपाय कळवले. मालकांनी ते सगळे केले. पाण्याकाठचा चिखल बुजवला, पाडसांच्या निवाऱ्यात पंखे लावले, कीटकनाशक फवारले. पाडसे मरायची थांबली नाहीत.

तिसऱ्या पाडसाच्या फुप्फुसाच्या काचपट्ट्या तयार झाल्या, तेव्हा आमच्या विकृतिशास्त्रज्ञ बाईंनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावले आणि काही न सांगता बाजूला सरकल्या. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी फुगल्या होत्या आणि त्यांच्या केंद्रकांत गडद, एकजिनसी गोळे भरले होते. ईएचडीचा विषाणू असे गोळे केंद्रकात तयार करीत नाही. तो पेशीद्रवात वाढतो. हे लक्षण हरणांच्या ॲडेनोव्हायरसचे होते. १९९३ साली कॅलिफोर्नियात म्यूल डिअर जातीच्या हरणांमध्ये मोठी मरतूक झाली, तिच्या तपासातून हा विषाणू पुढे आला. तो रक्तवाहिन्यांनाच इजा करतो, त्यामुळे फुप्फुसातले पाणी, आतड्यातला रक्तस्राव, अचानक मृत्यू हे सारे चित्र ईएचडीशी इतके जुळते की नुसत्या डोळ्यांनी दोन्ही वेगळे करणे जवळपास अशक्य असते. पण तो डीएनए विषाणू आहे, आणि त्या वेळच्या आमच्या ठरलेल्या चाचण्यांत त्याचा समावेश नव्हता. जे विचारलेच नव्हते त्याचे उत्तर मिळणार तरी कसे? जपून ठेवलेल्या चारही पाडसांच्या फुप्फुसांवर ॲडेनोव्हायरसची चाचणी केली, तेव्हा चारही जोरदार धन आली.

मग पहिल्या पाडसातले ईएचडीचे ते क्षीण आरएनए कशाचे होते? त्याचे उत्तर आईच्या चिकात आहे. मादीला पूर्वी ईएचडी होऊन गेलेला असेल, तर चिकातून पाडसाला प्रतिपिंडे मिळतात. असे पाडस चिलट चावल्यावर संसर्ग घेते, काही दिवस त्याच्या रक्तात विषाणू फिरतो, पण ते गंभीर आजारी पडत नाही. शिवाय जनावर बरे झाल्यावरही आरएनएचे अवशेष तांबड्या पेशींबरोबर दीर्घकाळ सापडत राहतात. म्हणजे त्या पाडसाला ईएचडीचा संसर्ग झाला होता हे खरे, पण बहुधा ते त्याने मेले नव्हते. मी ‘सापडला’ आणि ‘त्याने मारले’ ही दोन वाक्ये एक करून टाकली होती.

त्याची किंमत मालकांनी मोजली, कारण दोन रोगांचे उपाय वेगळे आहेत. ॲडेनोव्हायरस चिलटांतून नव्हे तर लाळ, विष्ठा आणि जवळच्या स्पर्शातून पसरतो, त्याला बाहेरचे स्निग्ध आवरण नसल्यामुळे साध्या धुण्याने तो सहज नष्ट होत नाही, आणि बाटलीने दूध पाजलेल्या, एकत्र ठेवलेल्या पाडसांमध्ये तो भराभर फिरतो. मी त्यांना दूरध्वनी करून चूक माझी होती हे स्पष्ट सांगितले आणि पाडसांचे लहान गट करणे, आजारी पाडसांचे काम सर्वांत शेवटी करणे, दुधाच्या बाटल्या व बुचे दर वेळी क्लोरीनच्या द्रावणात निर्जंतुक करणे हे उपाय कळवले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. आता पुढचं पाडूस मेलं तर मी तुम्हालाच कळवीन.” त्यांनी शब्द पाळला, आणि मरतूक ओसरली तेव्हाही त्यांनीच कळवले.

विषाणूंच्या जनुकीय विविधतेच्या कामात मी नंतर उतरले. नाव कळले म्हणून सारे कळत नाही, ही गोष्ट तिथे वेगळ्या रूपात पुन्हा समोर आली. ईएचडीच्या विषाणूचा जनुकसंच सुमारे १९,००० बेस-जोड्यांचा असतो, पण तो सलग धागा नसून दहा वेगवेगळ्या खंडांत विभागलेला असतो. अहवालात आपण सीरोटाइप, म्हणजे प्रतिपिंडांवरून ओळखलेला विषाणूचा उपप्रकार, ‘सीरोटाइप २’ किंवा ‘सीरोटाइप ६’ असा लिहितो, तेव्हा आपण बोलत असतो ते मुख्यत्वे त्यातल्या एकाच खंडाविषयी, दुसऱ्या क्रमांकाच्या खंडाविषयी, ज्याच्यावरून व्हीपी२ हे सर्वांत बाहेरचे प्रथिन बनते. प्रतिपिंडे त्यालाच ओळखतात, म्हणून संरक्षणाच्या आणि लसीच्या दृष्टीने सीरोटाइप महत्त्वाचा आहेच. पण उरलेले नऊ खंड कुठून आले, याविषयी तो एक अक्षरही सांगत नाही.

एकाच पेशीत दोन भिन्न विषाणू शिरले, मग ती पेशी हरणाची असो की चिलटाची, तर बाहेर पडणाऱ्या पिढीत दोघांचे खंड पत्ते पिसावेत तसे मिसळू शकतात. याचे सर्वांत ठळक उदाहरण २००६ सालचे आहे. उत्तर अमेरिकेत तोवर १ आणि २ हे सीरोटाइप रुळलेले होते. त्या वर्षी इंडियाना आणि इलिनॉय राज्यांतील मृत हरणांत सीरोटाइप ६ सापडला. परदेशातून पूर्ण नवा विषाणू आला असावा असे नुसत्या नावावरून वाटले असते. सगळे खंड वाचल्यावर दिसले ते असे की, बाहेरची दोन प्रथिने घडवणारे खंड परक्या सीरोटाइप ६ चे होते आणि बाकीचे तिथल्याच सीरोटाइप २ चे. पाहुण्याने येऊन घरच्याचा संसार अंगावर घेतला होता.

आमच्या नमुन्यांचे सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकांच्या अक्षरांचे वाचन, हाती आले, तेव्हा मी उत्साहाने दहाही खंड एकापुढे एक जोडून त्यांचा एकच वंशवृक्ष काढला. फांद्यांवरचा विश्वासाचा आकडा जागोजागी इतका घसरला होता की, माझी जुळणीच चुकली असे मला वाटले. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो कागद पाहिला आणि दहा खंडांचे दहा वेगळे वृक्ष काढायला सांगितले, कारण पिसलेल्या पत्त्यांना एकच वंशावळ नसते. तसे केल्यावर चित्र स्वच्छ झाले. ज्या दोन फार्मवरचे विषाणू आम्ही ‘सीरोटाइप २’ म्हणून एकाच रकान्यात टाकले होते, त्यांचा दुसरा खंड खरोखर जवळजवळ सारखा होता, पण इतर तीन खंडांत ते एकमेकांपासून लांबच्या फांद्यांवर बसले होते. साथ एका फार्मवरून दुसऱ्यावर गेली असे आम्ही धरून चाललो होतो; तो निष्कर्ष आम्हाला मागे घ्यावा लागला.

यावर लगेच विश्वास ठेवणेही धोक्याचे असते. एकाच हरणात दोन विषाणूंचा एकत्र संसर्ग असेल, तर संगणक दोघांचे खंड गोळा करून एक काल्पनिक मिश्र विषाणू जुळवून देतो, आणि तो कागदावर अगदी खऱ्यासारखा दिसतो. शेजारच्या नळीतला नमुना किंचित मिसळला तरी तेच होते. म्हणून प्रत्येक खंडाचे किती तुकडे वाचले गेले, एकाच जागी दोन वेगळी अक्षरे दिसतात का, हे मी आधी तपासले. मग पेशींच्या थरावर उमटलेल्या एकेका प्लाकमधून, म्हणजे विषाणूने पेशी मारून पाडलेल्या ठिपक्यातून, विषाणू वेगळा काढून, तो पुन्हा वाढवून, पुन्हा वाचला. या फेरतपासणीत जवळपास दोन महिने गेले. एका नमुन्यातले ‘मिश्रण’ त्यात गळून पडले, तो दुहेरी संसर्ग निघाला. दुसरे टिकले. मला त्या टिकलेल्यापेक्षा गळून पडलेल्याचे समाधान अधिक वाटते, कारण ते तसेच प्रसिद्ध झाले असते तर पुढच्या कोणाच्या तरी वंशवृक्षात ती खोटी फांदी कायमची राहिली असती.

ठरावीक विषाणू न शोधता नमुन्यातले सगळेच आरएनए वाचण्याची पद्धत आम्ही ॲडेनोव्हायरसच्या धड्यानंतर वापरू लागलो. फ्लोरिडातील पाळलेल्या हरणांमधून आधी कोणाला ठाऊक नसलेले ऑर्बिव्हायरस नोंदले गेले, ते पेशींत वाढवलेला विषाणू ठरावीक चाचण्यांत ऋण आल्यावर अशाच वाचनातून. मात्र असा नवा विषाणू हाती लागला की त्याला रोगाचे कारण म्हणण्याची घाई मी आता करीत नाही.

चिलटांचे कामही याच सर्वेक्षणाचा भाग होते. संध्याकाळी अतिनील दिव्याचे सापळे लावायचे, सकाळी जाळीतला कचरा सूक्ष्मदर्शकाखाली पसरायचा आणि पंखांवरच्या ठिपक्यांवरून जाती निवडायच्या. ताजे रक्त प्यायलेली चिलटे आम्ही वेगळी काढत असू; त्यांच्यात सापडलेला विषाणू नुकत्याच चावलेल्या हरणाचा असू शकतो आणि त्यावरून ती जात रोगवाहक आहे असे म्हणता येत नाही.

कुंपणाच्या आतल्या आणि बाहेरच्या हरणांना हीच चिलटे चावतात, पण पाळीव कळपाची एक अडचण स्वतंत्र आहे. मोठ्या शिंगांच्या वाणासाठी उत्तरेकडची जनावरे दक्षिणेत आणली जातात. जिथे हा विषाणू दरवर्षी फिरतो त्या भागांतल्या हरणांत पिढ्यान्‌पिढ्या सहनशक्ती वाढलेली असते. टेक्सासची उपजात उत्तरेकडच्या उपजातीपेक्षा या रोगाला पुष्कळ कमी बळी पडते, हे प्रयोगांत दिसलेले आहे. त्यामुळे आम्ही प्रत्येक मृत जनावराच्या नोंदीत त्याचे मूळ कुठले हेही विचारू लागलो. हा प्रश्न मालकांना सुरुवातीला टोचत असे, कारण खरेदीविक्रीच्या नोंदी त्यातून उघड होतात आणि रोगाची बातमी फुटली तर जनावरे विकली जाणार नाहीत, ही त्यांची भीती खरी आहे. फार्मचे नाव अहवालाबाहेर ठेवण्याचे आम्ही लेखी दिले आणि ते कसोशीने पाळले. त्याशिवाय तळ्याकाठी पडलेल्या हरणाची खबर आमच्यापर्यंत तासाभरात पोहोचली नसती. ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर युरोपात ब्लूटंगचा सीरोटाइप ८ आला. ईएचडीचा सीरोटाइप ८ ट्युनिशियात २०२१ मध्ये, इटलीच्या बेटांवर आणि स्पेनमध्ये २०२२ मध्ये, तर फ्रान्समध्ये २०२३ मध्ये पोहोचला. असा नवा पाहुणा पहिल्यांदा दिसतो तो कोणीतरी वेळेवर कळवलेल्या एखाद्या आजारी किंवा मेलेल्या जनावरातच.

आमच्या अहवालाच्या नमुन्यात आता दोन वेगळे रकाने आहेत. एकात नमुन्यात काय आढळले ते सीटीच्या आकड्यासह लिहायचे, दुसऱ्यात मृत्यूचे कारण, आणि हा दुसरा रकाना काचपट्ट्या पाहून झाल्याशिवाय भरायचा नाही. दरम्यानच्या दिवसांत मालकांचे दूरध्वनी येतात. काय आढळले ते मी त्यांना त्याच दिवशी सांगते, दोन्ही शक्यता धरून कोणते उपाय लगेच करता येतील तेही सांगते, आणि कारण अजून लिहिलेले नाही हेही सांगते. या आठवड्यातल्या पाडसाच्या फुप्फुसाचे तुकडे अजून फॉर्मॅलिनमध्ये आहेत. त्याचा दुसरा रकाना आज रिकामा आहे.